तुळईवरच्या शेपट्या

नौपाड्यातल्या आमच्या गल्लीत निवृत्त माणसांचा तुटवडा नाही. कोणी बँकेतून सुटलं, कोणी शाळेतून, एक गृहस्थ तर जन्मभर लोकांच्या गळी विमा उतरवून थकलेले. संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर नवीन माणूस आला की ज्याची त्याची चौकशी होते आणि माझी पाळी आली की मी सांगते, ‘‘मी मासे मोजत होते.’’ पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘‘म्हणजे मत्स्यालयात का?’’ नाही हो, समुद्रातले. ‘‘समुद्रातले मासे कसे मोजणार?’’ हा प्रश्न मात्र अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर शोधण्यात माझी नोकरी सरली. त्या उत्तरात मी बरीच वर्षं एक मोठी चूक करत होते. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘नोकरीतलं काहीतरी लिहा’ म्हटल्यावर बढत्या-बदल्यांऐवजी ती चूकच लिहावी असं ठरवलं.

मी मूळची मोहन्याची. वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होते. धाग्याचा नमुना घ्यायचा, यंत्रावर ताणायचा, कुठल्या ताणाला तुटला ते वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. घरी जेवताना त्यांचं एक वाक्य हमखास यायचं. ‘‘दुसऱ्यानं हातात आणून दिलेला नमुना घ्यायचा नाही. आपण उठायचं, जायचं आणि आपल्या हातानं घ्यायचा.’’ आम्हा भावंडांना ते वाक्य इतकं पाठ होतं की ते कानांवर पडायचं, डोक्यात शिरायचं नाही. पुढे मी संख्याशास्त्र शिकले, लग्न होऊन ठाण्यात आले आणि सरकारी मत्स्य कार्यालयात चिकटले. माहेर शाकाहारी, सासरही शाकाहारी. मी नोकरीच्या पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा सासूबाईंनी न बोलता न्हाणीघरात एक वेगळी बादली ठेवली. ती बादली शेवटपर्यंत माझी होती. स्टेशनजवळचे रिक्षावालेही मला ओळखायचे. ‘‘ताई, आज मासेवाला दिन है क्या?’’ विचारून मगच मीटर पाडायचे.

आता कामाबद्दल. ट्यूना हा मासा आपल्या बंदरांवर कुपा म्हणून ओळखला जातो. काळ्या-निळ्या पाठीचा, पोटाशी चंदेरी, हाताला दगडासारखा घट्ट. त्याची एकच अडचण आहे, तो एका जागी थांबत नाही. आज आफ्रिकेजवळ असेल, काही महिन्यांनी आपल्यासमोर. वाटेत त्याला एका दोरीला हजारो गळ लावून टाकणारी लांबच्या देशांची जहाजं भेटतात, डोंगराएवढं जाळं गोल फिरवून अख्खा थवा उचलणारी जहाजं भेटतात, बेटांवरचे एकेक मासा काठीनं ओढणारे कोळी भेटतात आणि आपल्याकडची पाण्यात भिंतीसारखी उभी राहणारी जाळीही भेटतात. मग हा मासा कोणाचा? सगळ्यांचा. आणि जे सगळ्यांचं असतं ते संपायला वेळ लागत नाही, हे आपल्याला सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून माहीत आहे. म्हणून या महासागराभोवतीचे आणि त्यात मासेमारी करणारे देश मिळून एक आयोग चालवतात. दरवर्षी कुठल्यातरी देशात एकत्र बसायचं, आपण किती आणि केवढे मासे धरले ते मांडायचं आणि पुढच्या वर्षी कोणी किती हात आखडायचा ते ठरवायचं.

‘केवढे’ हा शब्द महत्त्वाचा. माशाची लांबी कळली की वयाचा अंदाज येतो. सगळे बारकेच मासे जाळ्यात येत असतील तर त्याचा अर्थ आपण पिल्लं वाढून अंडी घालायच्या आधीच खातोय. लांबी मोजायची तीही सगळ्या देशांनी एकाच पद्धतीनं, तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत. शेपटीची टोकं हाताळताना मोडतात, बेचकं मोडत नाही. इतकी साधी गोष्ट सगळ्या देशांना मान्य व्हायला काही वर्षं गेली होती म्हणे. तेव्हा बाकीच्या गोष्टींना किती वेळ लागत असेल याची कल्पना करा.

माझ्या वाट्याला आलं ते भाईंदरच्या पलीकडचं, खाडीच्या तोंडाशी असलेलं एक गाव. पोर्तुगीज अमदानीत बाटलेल्या कोळ्यांची वस्ती. घरांवर क्रूस, अंगणात सुकणारे बोंबील, आणि बोली आपली मराठीच, पण समुद्राच्या वाऱ्यानं गोल झालेली. सकाळी बोटी लागल्या की धक्क्यावर लिलाव व्हायचा. मी पाट्यांमधले कुपे निवडून लाकडी मापपट्टीवर आडवे घालायचे आणि फॉर्म भरायचे. पहिल्या महिन्यात एका म्हाताऱ्यानं विचारलं, ‘‘मॅडम, कुप्याचं आधार कार्ड काढताव काय?’’ सगळा धक्का हसला. मीही हसले आणि त्या दिवसापासून मला तिथे जागा मिळाली.

त्या गावात माझी खरी ओळख झाली ती पास्कू तांडेल आणि त्याची बायको मर्सी यांच्याशी. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख, जाळं कुठं टाकायचं हे ठरवणारा. पास्कूदादा फार बोलायचा नाही. मर्सीबाई त्याच्या वाटचंही बोलायची. लिलावात तिचा आवाज सगळ्यांच्या वर. लिलाव संपला की ती मला म्हणायची, ‘‘बाय, चल घरी. जेवून जा.’’ मी म्हणायचे, ‘‘जेवण झालंय हो.’’ सकाळी साडेनऊला कोणाचं जेवण झालेलं असतं? तिलाही ते कळत होतं. ‘‘बरं, मग चहा?’’ चहा मी धक्क्यावरच्या टपरीतला घ्यायचे. तिच्या घरच्या भांड्यातला चहा नको, असं मी कधी मोठ्यानं म्हटलं नाही. मनात मात्र म्हणत होते. आज लिहिताना त्याची लाज वाटते, पण ते तसं होतं. माझा डबा पिशवीत असायचा, फॉर्म भरून झाले की मी रिक्षा धरायचे.

अशी बरीच वर्षं गेली. माझ्या फॉर्मांची आयोगात किंमत वाढत गेली, कारण एकाच बंदरावरून, एकाच माणसानं, एकही महिना न चुकवता केलेली मोजणी या किनाऱ्यावर दुसरी नव्हती. पुढे साहेब मला बैठकांनाही नेऊ लागले. पाठीमागच्या खुर्चीवर बसायचं आणि पुढच्या खुर्चीवरच्या साहेबांना आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या सरकवायच्या, एवढंच काम.

त्या बैठका म्हणजे एक प्रकरणच असतं. पंचतारांकित हॉटेलातला गारठलेला हॉल, प्रत्येकापुढे देशाची पाटी. ठरावाचा मसुदा पडद्यावर असतो. ज्या वाक्याला कोणाचा तरी विरोध असेल ते चौकटी कंसात जातं. मग पाच दिवस कंस काढायची खटपट चालते. पहिल्या दिवशी पडदा कंसांनी बुजलेला असतो. शेवटच्या दिवशी सगळे इतके थकलेले असतात की कंस आपोआप गळतात. तिथेच मला इब्राहिम भेटला. लहान लहान बेटांच्या एका देशाचा शास्त्रज्ञ, उंच, शांत, कपाळावर चष्मा. त्यांच्याकडे शेतीला जमीन नाही, जे आहे ते मासे. त्यामुळे पिल्लं धरणाऱ्या कुठल्याही देशाला तो सोडायचा नाही. जेवणाच्या सुट्टीत मात्र शाकाहारी टेबलाशी मला हमखास भेटायचा, कारण, तो म्हणायचा, ‘‘पाच दिवस माशांबद्दल ऐकल्यावर मला मासे बघवत नाहीत.’’

मग एका वर्षी बैठकीच्या आठ-नऊ महिने आधी आयोगाच्या शास्त्रज्ञांचा अहवाल आला. मी ऑफिसात वाचायला घेतला आणि मध्येच थांबले. आपल्या पट्ट्यातली उभी जाळी जवळजवळ फक्त पिल्लंच धरतात, असा निष्कर्ष होता. त्यावर इब्राहिमच्या देशाचा प्रस्ताव होता की ही जाळी टप्प्याटप्प्यानं बंद करावीत. पुराव्याचा तक्ता माझ्या फॉर्मांवरून केलेला होता. खाली तळटीपेत बंदराचं नाव होतं, पास्कूदादाच्या गावाचं.

काय वाटलं ते नीट सांगते. आधी अभिमानच वाटला, की आपले आकडे एवढे मानले गेले. मग ती तळटीप पुन्हा वाचली. त्या गावात जाळ्याशिवाय दुसरं काही नाही. पण आकडे माझे होते, एकही खोटा नव्हता. काय करणार होते मी?

लोकांना बाहेरून कळायच्या आत आपण सांगावं म्हणून मी गावात गेले. पास्कूदादा अंगणात जाळं सांधत बसला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं सुई खाली ठेवली.

‘‘आमी बारकीच धरताव? असं कोन बोललं?’’

‘‘मीच. म्हणजे माझे फॉर्म.’’

 मर्सीबाई आतून हात पुसत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, ‘‘बाय, तू कवा जेवलीस गो आमच्याकडं?’’

मला वाटलं ती जुना हिशेब काढतेय. ‘‘मर्सीबाई, त्याचा इथे काय संबंध?’’

‘‘हाय संबंध. तू धक्क्यावर ये, मोज नि जा. जो लिलावात ये तोच तुला दिसं. जो घरी ये तो तुला कवा दिसंल?’’

ती मला घरामागच्या खोपटात घेऊन गेली. जाळी, दोर, जाळं तरंगतं ठेवणारे बोये ठेवायची ती जागा. आत अंधार होता, डोळे सरावायला वेळ लागला. मग दिसलं. डोक्यावरच्या तुळयांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत खिळ्यांनी ठोकलेल्या शेपट्या. कुप्याच्या वाळलेल्या, धुरानं काळ्या पडलेल्या शेपट्या, एकेक हातभर पसरलेली. प्रत्येकीखाली कोळशानं लिहिलेलं साल.

गावची रीत अशी होती. फेरीतला सगळ्यात मोठा कुपा लिलावात जातच नाही. तो बोटीवरून थेट तांडेलाच्या अंगणात येतो. तिथे तो कापतात. खलाशांचे वाटे, ज्या घरातला पुरुष समुद्रात गेला आणि आला नाही त्या घरांचे वाटे, किनाऱ्यावरच्या क्रुसापाशी बसणाऱ्या म्हाताऱ्यांचे वाटे. शेपटी मात्र तांडेल अंगणात टांगून ठेवतो. कोणाला वाटलं आपला वाटा लहान पडला, तर त्यानं यावं आणि शेपटी बघावी. शेपटीवरून मासा केवढा होता ते कोणीही सांगेल. मोसम संपला की त्या वर्षीची सगळ्यात मोठी शेपटी मीठ चोळून, चुलीच्या धुरावर वाळवून तुळईवर जायची. पास्कूच्या बापानं ही रीत ठेवली होती, त्याच्या आधी आणखी कोणी. गावात अशी आणखीही खोपटी होती.

म्हणजे मी इतकी वर्षं जो नमुना घेत होते तो दुसऱ्यानं हातात आणून दिलेला होता. मोठा मासा आधीच बाजूला काढून उरलेल्या पाट्या माझ्यापुढे येत होत्या. कोणी लपवलं नव्हतं. गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट मला ठाऊक नव्हती, कारण लिलावानंतर मी त्या गावात एकदाही थांबले नव्हते. एकदा जरी मर्सीबाईच्या घरी पान मांडून बसले असते तरी अंगणात कापलेला कुपा दिसला असता. माझ्या सोवळ्यानं महासागराच्या गणितात भोक पाडलं होतं. मी तिथेच एका बोयावर बसले आणि वडिलांची फार आठवण आली.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. साहेब खूश. ‘‘मग झालं तर! आपल्या बोटी मोठे मासे पण धरतात, सिद्ध करा.’’ पण सिद्ध करणं इतकं सोपं नव्हतं. वाळलेली शेपटी आखडते. तिच्या पसाऱ्यावरून अख्ख्या माशाची लांबी काढायची तर आधी ताजे मासे कापण्यापूर्वी मोजायला हवेत, मग त्यांच्याच शेपट्या वाळवून पुन्हा मोजायला हव्यात, आणि दोन्हींचा मेळ घालायला हवा. पावसाळा संपून बोटी सुटल्या तशी मी पास्कूदादाच्या अंगणात जाऊन बसू लागले. फेरी आली की मासा उतरायचा, पास्कूदादा सुरा हातात घेऊन थांबायचा, मी मोजायचे, मग तो कापायचा. पहिल्या-पहिल्यांदा बायका वैतागायच्या. ‘‘मासा वाट बघतो काय बाय तुजी?’’ मग सवय झाली. इतर तांडेलही बोलवायला लागले. दुपारी मी पायरीवर बसून माझा डबा खायचे. मर्सीबाई समोर पाण्याचा तांब्या ठेवायची. जेवायचा आग्रह मात्र तिनं थांबवला होता, आणि तो थांबला हे मला लागलं.

शेपट्यांचा मेळ बसला. मग मी शिडी लावून तुळईवरच्या एकूण एक शेपट्या मोजल्या, घरी येऊन सालवार मांडल्या आणि कागदाकडे बघत बसले. मोठे मासे होते, यात शंका नव्हती. माझ्या फॉर्मांत कधीच न आलेले, चांगले वयात आलेले कुपे. पण जुन्या शेपट्या आतल्या भिंतीकडे होत्या, नव्या दाराकडे. आणि आतून दाराकडे यावं तशी शेपटी लहान होत गेली होती. एकदम नाही. दोन-तीन वर्षांत एखादी मोठी यायची, पण एकंदरीत उतारच. ज्या तुळईनं माझी चूक दाखवली होती तीच तुळई सांगत होती की समुद्रातले मोठे कुपे संपत आलेत.

साहेबांनी कागद बघितला आणि दार लावून घेतलं. ‘‘मॅडम, आतल्या निम्म्या शेपट्या घ्या. जुनी, खात्रीची सालं. दाराकडच्यांचा कोळसा पुसट झालाय म्हणा. काय बिघडलं?’’ साहेब वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम सांगते. त्यांनाही बंदरावरच्या माणसांचीच काळजी होती. आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. त्या गावाचं मी आधीच एवढं नुकसान केलं होतं, आता थोडं गप्प राहून भरपाई होत असेल तर का नाही? दोन दिवस मी तसाच कागद तयार केला, निम्म्या शेपट्यांचा. दिसायलाही सुबक होता.

पण शेपट्या माझ्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी दोन्ही कागद घेऊन मी पास्कूदादाकडे गेले. दोन्ही समजावून सांगितले. हा दाखवला तर बहुतेक जाळी वाचतील. हा दाखवला तर काय होईल ते सांगता येत नाही, पण काहीतरी सोडावं लागेल. तो बराच वेळ खोपटाच्या दारात उभा राहून वर बघत होता.

‘‘बारकी होतान ते मला ठावं हाय मॅडम. मीच ठोकताव ना.’’ मग वरच्या शेपट्यांकडे बोट करून, ‘‘शेपटी कशाला ठोकताव? वाटा खरा हाय ते दिसाला. अर्धी लपवाची तर मंग ठोकाची कशाला?’’

मर्सीबाई मागून म्हणाली, ‘‘आनी बोट किनाऱ्याला बसली तर?’’

‘‘बसंल तर बसंल. हिला खोटं बोलाला लावू नको.’’

मर्सीबाई आत निघून गेली. ती रडत होती की रागावली होती, मला कळलं नाही. मी निम्म्या शेपट्यांचा कागद तिथेच फाडला.

बैठकीत साहेबांनी मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. मनाविरुद्ध बसवलं, पण बसवलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मी उभी राहिले आणि पहिलं वाक्य म्हटलं, की गेली अनेक वर्षं या बंदरावरून आलेली मापं एकांगी आहेत आणि चूक मासेमारांची नाही, माझी आहे. काचेच्या खोलीतल्या दुभाष्यांनीसुद्धा मान वर करून माझ्याकडे बघितलं. आयोगात चूक कबूल करायची पद्धत नाही. ‘आकडे सुधारण्यात आले’ असं म्हणतात, कोणी सुधारले आणि आधी कोणी बिघडवले होते ते म्हणत नाहीत.

इब्राहिमनं हात वर केला. त्यानं नेहमीच्या शांतपणे विचारलं, की प्रस्ताव आल्यावर बरोबर तुमच्या सोयीची चूक सापडली, यावर आम्ही विश्वास का ठेवावा? प्रश्न रास्त होता. त्याच्या जागी मी असते तर मीही तोच विचारला असता. मी उत्तर न देता पडद्यावर तुळयांचे फोटो लावले, सगळे, आतल्या भिंतीपासून दारापर्यंत. तो चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेऊन बघत राहिला. दाराकडच्या शेपट्या आल्या तेव्हा त्यानं मान हलवली. सोयीचंच दाखवायचं असतं तर मी आतल्या भिंतीपाशीच थांबले असते, हे त्याला समजलं होतं. तो फक्त ‘‘आभारी आहे’’ म्हणून खाली बसला.

जेवणाच्या सुट्टीत तो शाकाहारी टेबलाशी आला नाही. कोपऱ्यात उभा राहून घरी फोन लावत होता. नंतर आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. ‘‘आम्ही मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्याच्या फाटकात मोजतो,’’ तो म्हणाला. ‘‘आत्ता बहिणीला विचारलं. तिचा नवरा बोटीवर आहे. ती म्हणाली, मोठा मासा कारखान्यात कोण देतो? तो घरी येतो. मी तिच्या घरी शेकडो वेळा तो मासा खाल्लाय. खाताना मला एकदाही सुचलं नाही.’’ मी न खाऊन चुकले होते, तो खाऊन. आम्ही दोघं हसलो, पण फार नाही.

त्या वर्षी प्रस्ताव कंसात गेला. पुढच्या दोन बैठकांत त्यातून जे निघालं ते असं, की सगळ्या देशांनी मासा कापायच्या किंवा विकायच्या आधी, बोटीवरून उतरतो तिथेच मोजायचा. उभी जाळी सरसकट बंद झाली नाहीत. पण हात सगळ्यांनीच आखडायचा होता, मोठ्या जहाजांनी जास्त, आपण कमी. कागदावर हे छान दिसतं. गावात त्याचा अर्थ असा झाला, की प्रत्येक बोटीनं आपल्या जाळ्यातला काही भाग काढून किनाऱ्यावर ठेवायचा. पास्कूदादानं सगळ्यांत आधी ठेवला. त्याच्या मेहुण्याची बोट आधीच जेमतेम चालत होती, ती बसली ती पुन्हा सुटली नाही. तो आता मीरा रोडला एका इमारतीत वॉचमन आहे. त्या मोसमात धक्क्यावर मला कोणी चहा विचारला नाही. मी रोज जायचे, मोजायचे, परत यायचे. बरोबर केलं असं मला वाटतं. ते करून बरं वाटलं असं मात्र नाही.

पुढे मी निवृत्त झाले. माझ्या जागी आलेली मुलगी टॅबवर मोजते, फोटो तिथल्या तिथे आयोगाकडे जातो. बादली मी अजून टाकलेली नाही, त्यात आता गच्चीवरच्या झाडांचं पाणी असतं.

गेल्या मोसमात एका सकाळी मर्सीबाईचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ‘‘बाय, ये. पट्टी घेऊन ये.’’ मी म्हटलं, मोजायला नवीन मॅडम आहेत ना. ‘‘त्यांनी मोजलं. तुजा दादा बोलतं, तू मोजाला पायजे.’’

मी गेले. सवयीनं डबा घेतला होता. अंगणात ताडपत्रीवर कुपा होता आणि भोवती अख्खी आळी. पास्कूदादा आता समुद्रात जात नाही, बोट मुलगा बघतो, पण सुरा त्याच्याच हातात होता आणि तो थांबला होता. खोपटाच्या दारातून मला तुळई दिसली. गेल्या दोन सालांचे खिळे ठोकलेले होते, खाली कोळशानं साल लिहिलेलं होतं, आणि खिळे रिकामे होते. ‘‘ठोकावी असली शेपटीच आली नाय,’’ तो म्हणाला. ‘‘बारकी कशाला ठोकू?’’

गुडघे कुरकुरले, तरी मी ताडपत्रीवर बसले. तोंडाच्या टोकापासून बेचक्यापर्यंत पट्टी धरली, मग पुन्हा धरली. आतल्या भिंतीवरच्या शेपट्यांएवढा तो नव्हता. पण दाराकडच्या सगळ्यांपेक्षा मोठा होता. मी आकडा सांगितला. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. मर्सीबाईनं छातीवर क्रुसाची खूण केली आणि पास्कूदादा मासा कापायला वाकला.

एका माशानं काही सिद्ध होत नाही. संख्याशास्त्राच्या माणसानं तर असं मनातसुद्धा आणू नये. पण माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

वाटे पडत होते. खलाशांचे, आळीतल्या घरांचे, क्रुसापाशी बसणाऱ्या म्हाताऱ्यांचे. शेवटी एक तुकडा केळीच्या पानावर वेगळा राहिला. एका बाईनं विचारलं, ‘‘हा कोनाचा?’’

‘‘मोजनारीचा,’’ पास्कूदादा म्हणाला आणि शेपटी घेऊन खोपटाकडे गेला. या खेपेला त्यानं मोसम संपायची, शेपटी वाळायची वाटच बघितली नाही; आतून हातोडीचे ठोके ऐकू यायला लागले.

मर्सीबाई माझ्याकडे बघत होती. जेवून जा, असं ती म्हणाली नाही. इतक्या वर्षांत तिचं ते म्हणून झालं होतं. ती नुसती दारात उभी होती, हातात रिकामं ताट घेऊन.

मी डबा पिशवीतच राहू दिला, हात धुतले आणि आत जाऊन पाटावर बसले.